वर बघायचं काम

त्याचा दिवस पहाटे चार वीसला सुरू व्हायचा. चारला नाही आणि साडेचारलाही नाही. चार वीसला उठलं की पाचला घर सोडता येतं, आणि पावणेसहाला, म्हणजे सुतार, वायरमन आणि नळवाले यायच्या आधी, रिकाम्या खोलीत परांची उभी करता येते. छताला गिलावा करायचा तर खाली खोली रिकामी लागते. वरून थोडा तरी कालवलेला माल पडतोच. तो कुणाच्या डोक्यावर पडला की शिव्या खायच्या, आणि शिव्या खाऊन हात नीट चालत नाही, असं तो म्हणायचा.

एकतीस वर्षं त्यानं हे केलं. त्यातली शेवटची एकोणीस माझ्या जोडीनं.

लोक त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. आमचा हा गडी एक डोळा मिटून भिंतीकडे बघायचा आणि सांगायचा, "वरच्या अंगाला दोन सूत बाहेर." मग मुकादम खरा ओळंबा सोडायचा आणि दोन सूतच, म्हणजे पाव इंचच, निघायचे. एकदा तीन निघाले. हा म्हणाला, "दोरी बदल." दोरी बदलली. दोन निघाले.

मला डावऱ्या म्हणत, कारण मी डावखुरा. छताच्या कामात उजव्याला डावरा जोडीदार मिळणं नशिबाचं समजतात. खोलीच्या मधोमध छतावर एक रेघ मारायची. रेघेच्या उजवीकडे उजवा, डावीकडे डावरा, आणि दोघांनी मधून भिंतीकडे सरकत जायचं. कोपराला कोपर लागत नाही. दोन उजवे एका फळीवर चढवले की दुपारपर्यंत एकाचं कोपर दुसऱ्याच्या दातात जातं. मजुरी जोडीला मिळते आणि निम्मी-निम्मी होते. अर्धं छत त्याचं, अर्धं माझं. बत्ती आडवी धरली की गुरमाळ्याचे, म्हणजे शेवटचा हात फिरवायच्या लाकडी फळकुटाचे, अर्धगोल दिसतात. त्याचे एका अंगाला वळलेले, माझे दुसऱ्या. काम कुणाचं ते विचारावं लागत नाही.

जोडीचा एक नियम आहे. जोडीदाराचं कमी पडलेलं मुकादमाला दिसू द्यायचं नाही. कुणी लिहून दिलेला नाही, पण मोडला तर त्या माणसाबरोबर पुन्हा कुणी फळीवर चढत नाही. माझ्या डोळ्यात चुना गेला होता तेव्हा त्यानं तीन आठवडे माझी बाजू ओढली. मी खाली पट्टी बांधून बसायचो. तो वरून ओरडायचा, "डावऱ्या, तुझी बाजू माझ्यापेक्षा बरी झालीय आज. तू असाच आंधळा राहा."

त्याचं बिघडायला लागलं ते आधी मला कळलं. थापी हातातून पडली. एकदा पडली तर काही नाही. आठवड्यात चारदा पडली. मग फळीवर तो पाय फाकवून उभा राहायला लागला, होडीत उभं राहावं तसा. मी विचारलं तर म्हणाला, "पायाखाली गादी घातल्यासारखं वाटतं." मान मागे टाकली की पाठीतून वीज उतरते, असंही एकदा म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "वय झालं, दुसरं काय." वय सत्तेचाळीस होतं.

माल मारायला ताकद लागते. ती त्याच्या खांद्यात होती. पहिला थर तो पूर्वीसारखाच मारायचा. पण शेवटच्या हाताला बोटं लागतात. गुरमाळा किती दाबायचा ते बोटांना कळावं लागतं. त्याच्या बोटांना ते कळेनासं झालं. त्याच्या बाजूला लाटा उठायला लागल्या. बारीक, पण बत्ती आडवी धरली की दिसतील अशा.

मला सांगता आलं असतं. सांगणं जिवावर आलं. ज्यानं दोरी बदलायला लावली त्याला, तुझं छत वाकडं आहे, हे कसं सांगायचं? मी म्हणालो, "खाली माल कालवणारे लोक तो पातळ करतात. तू जाऊन बघ जरा. माझं ते ऐकत नाहीत."

तो उतरला. तो खाली असताना मी रेघ ओलांडली आणि त्याच्या बाजूवर हात फिरवला. गिलावा ओला असतो तोवरच हे करता येतं. अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात आपली बाजू ठेवून दुसऱ्याची करायची म्हणजे हात दुप्पट चालवावा लागतो. मी चालवला. तो वर आला आणि म्हणाला, "सपाट आहे ना?"

"सपाट आहे," मी म्हणालो.

त्यानं वर बघितलं नाही. आधीचा ओळंबा काम संपलं की बत्ती घेऊन कोपरा न् कोपरा बघायचा. आता मान मागे टाकणं तो टाळायचा. माझ्या शब्दावर तो घमेली धुवायला जायचा. वर बघितलं असतं तर एका नजरेत कळलं असतं की रेघेच्या दोन्ही बाजूंचे अर्धगोल डावरे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याला माल बघायला पाठवलं. मग तो रिवाजच पडला. दुपारी ओळंबा खाली, डावऱ्या दोन्ही बाजूंना. खालच्या लोकांना तो रोज दम द्यायचा. त्यांना कळेना की आपलं चुकतंय काय. त्यातला एकजण मला म्हणाला, "माल चांगला आहे. तुमच्या जोडीदाराचं डोकं पातळ झालंय." मी त्याला गप्प बसवलं.

असं दोन वर्षं चाललं.

मग एका हिवाळ्यात तो जिन्यात पडला. फळी कमरेएवढी उंच होती, जास्त नाही. मागे तोल गेला, बसल्यासारखा पडला आणि मानेला हिसका बसला. मी उडी मारून खाली गेलो. तो शुद्धीत होता, बोलत होता, पण दोन्ही हात मांडीवर पडलेले. "हात उचल," मी म्हणालो. "उचलतोय," तो म्हणाला. हात तिथेच होते.

मुकादम आवाज ऐकून आला. "काय झालं?"

"काही नाही. घाईनं उतरलो."

मुकादम हसला. "ओळंबा खालीच जायचा. वर कसा जाईल?" आणि गेला. त्यानं हात बघितले की नाही, देव जाणे. मला वाटतं बघितले.

अर्ध्या तासानं बोटं हलायला लागली. तेवढा वेळ मी त्याचे हात चोळत बसलो होतो. बोटं हलल्यावर तो पहिलं काय बोलला तर, "कुठे बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. नाहीतर हा मुकादम मला पायरीचे कोपरे भरायला बसवेल. शपथ घे."

मी शपथ घेतली.

दवाखान्यात त्याला मुलीनं नेलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, बारीकसारीक बघायची सवय. एका संध्याकाळी दाराशी खुडखुड ऐकू आली म्हणून तिनं आतून दार उघडलं. बाप किल्ली हातात घेऊन उभा. किल्ली कुलपात जात होती, फिरत नव्हती. "कधीपासून उभे आहात बाबा?" तर म्हणाला, "आत्ताच आलो." शेजारणीनं सांगितलं, दहा मिनिटं झाली. तिनं दुसऱ्या दिवशी रजा काढली. मग फोटो, मग मोठ्या मशीनमधले फोटो, मग मानेची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई.

त्या दिवशी त्यानंच मला बरोबर घेतलं. "तू चल. मुलगी घाबरते, तिला नीट ऐकू येणार नाही. तू ऐक."

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, आवाज हळू. टेबलावर मानेच्या हाडांचा प्लास्टिकचा नमुना होता. तो हातात घेऊन त्यांनी सांगितलं, ते मी ऐकलं तसं लिहितो. मणके एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांच्या मागून वरपासून खालपर्यंत एक चिवट पट्टा जातो. याचा पट्टा चार मणक्यांच्या मागे हाडासारखा कडक आणि जाड झाला होता. पट्ट्याच्या लगेच मागे मज्जारज्जू, हातापायांना जाणाऱ्या सगळ्या तारा त्यातून जातात. त्याची जागा निम्मी उरली होती.

"वर बघून बघून झालं का?" त्यानं विचारलं.

"त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. कशानं होतं ते नक्की कुणाला माहीत नाही. पण झालेलं असताना वर बघत राहणं वाईट."

"म्हणजे ज्यानं धरून ठेवायचं, तोच दाबतोय."

"हो. तसंच."

मग त्यांनी मार्ग सांगितले. काही न करता वाट बघणं त्यांनी आधी बाजूला ठेवलं. त्रास अगदी थोडा असेल तर तसं करतात, पण याचे हात आणि चाल दोन्ही बिघडलेली. एक रस्ता पुढून. गळ्याच्या बाजूनं जायचं, मणक्याचा भाग कोरायचा, कडक पट्टा काढायचा किंवा सैल सोडायचा आणि मध्ये आधार बसवायचा. दाब तिथल्या तिथे जातो. पण एक-दोन मणक्यांना ते ठीक. इथे चार. शिवाय पट्टा मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटला असेल तर आवरण फाटून पाणी झिरपतं. गिळायला, बोलायलाही काही दिवस त्रास होतो.

दुसरा रस्ता मागून. मणक्यांच्या मागच्या कमानी एका बाजूनं कापायच्या, दुसऱ्या बाजूनं बिजागरीसारख्या ठेवायच्या आणि दरवाजा उघडावा तशा उघडून ठेवायच्या. पट्टा तिथेच राहतो, पण मज्जारज्जूला मागे सरकायला जागा मिळते. मान बरीचशी हलती राहते.

तिसराही मागूनच. कमानी काढूनच टाकायच्या आणि मणके स्क्रू व सळयांनी जखडायचे. "मान हो-नाही म्हणण्याइतकी हलेल," त्या म्हणाल्या, "पण मागे टाकून वर बघणं संपलं."

तिन्हींमध्ये पहिला हेतू एकच, आहे ते आणखी बिघडू नये. गेलेलं किती परत येईल त्याचा शब्द देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर काहींचा खांदा काही महिने उचलत नाही, तेही सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "छताकडे बघता येईल असं कुठलं?"

"दरवाजाचं."

"मग ते करा."

"ऐका. तुमच्या मानेचा बाक अजून शाबूत आहे. थोडा कमी झालाय, पण आहे. ती तुमच्या बाजूची गोष्ट. पण मणके जागच्या जागी हवेत. ते सरकत असतील तर दरवाजा उघडून भागत नाही, मान हलेल तशी आतली घासाघीस चालूच राहते. म्हणून विचारते. त्रास कधीपासून?"

"सहा महिने."

"कधी पडलात? मानेला हिसका बसला? हात एकदम लुळे पडले, असं कधी झालं?"

"नाही."

हे त्यानं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं. मुलगी लिहून घेत होती. तिनं "सहा महिने" लिहिलं.

मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. मला जिन्यातले ते हात दिसत होते. पुन्हा तो फळीवर चढेल, पुन्हा मान मागे टाकेल, आणि या वेळी अर्ध्या तासानं बोटं हलणार नाहीत, असं वाटलं. मी म्हणालो, "सहा महिने नाही. दोन वर्षं चार महिने."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?"

"त्याच्या बाजूचं छत मी पहिल्यांदा केलं त्याला तेवढे दिवस झाले. आणि गेल्या हिवाळ्यात तो पडला. दोन्ही हात अर्धा तास मेले होते."

मुलीचं पेन थांबलं. डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, "खरं आहे का?"

तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. त्यानं मला विचारलं,

"छत तू केलंस?"

"हो."

"कुठलं?"

"त्यानंतरची सगळी. शेवटचा हात."

"मी कुठे होतो?"

"खाली. माल बघायला."

तो म्हणाला, "माल पातळ नव्हता."

"नव्हता."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, पडल्याचं खरं का. त्यानं मान हलवली. त्यांनी लगेच मान पुढे-मागे वाकवून फोटो काढायला पाठवलं. तासाभरानं फोटो आले. चौथा मणका पाचव्यावरून सरकत होता. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. दरवाजाचा बेत तिथे संपला. "निर्णय तुमचा आहे," त्या म्हणाल्या, "पण माझं मत आता जखडण्याचं आहे."

"माझा कसला निर्णय," तो म्हणाला. "यानं घेऊन टाकलाय."

येताना तो मुलीच्या खांद्याला धरून चालला. एरवी माझ्या खांद्याला धरायचा. घरी वहिनी दारातच होत्या. "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"याला विचार. याला सगळं माहीत असतं."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "भाऊजी?" मी सांगायला लागलो तोवर तो आतल्या खोलीत गेला आणि दार लोटलं. दार नीट लागलं नाही. त्यानं आतून दोनदा ढकललं. मग तसंच सोडलं.

बाहेर मी सगळं सांगितलं. छतांचंही. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्यासाठीच केलंत ना?" मी म्हणालो, "हो." त्या म्हणाल्या, "मग त्यांना का नाही सांगितलंत? घरी येऊन रोज म्हणायचे, खालच्या लोकांना अक्कल नाही, मी नसतो तर छत पडलं असतं." त्या रागावल्या नव्हत्या. पण पुन्हा त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

कामगारांचा एक निधी होता. कामावर पडून दुखापत झाली तर त्यातून दवाखान्याचं मिळे. पण पडल्याची नोंद साइटच्या वहीत हवी. नोंद नव्हती. नोंद नको म्हणणाऱ्यांत मीही होतो. मी मुकादमाकडे गेलो आणि म्हणालो, तुम्ही तिथे आला होता, तेवढं लिहा.

मुकादम म्हणाला, "मी आलो तेव्हा तो म्हणाला, घाईनं उतरलो. घाईनं उतरणाऱ्याला निधीतून काही मिळत नाही."

"हात बघितले होते तुम्ही."

"तू दोन वर्षं दोन्ही बाजू करत होतास तेही मी बघत होतो. बोललो का? मग आता मला बोलायला लावू नको."

त्याला पहिल्यापासून माहीत होतं. काम वेळेवर होत होतं, म्हणून त्यानं तोंड मिटलं होतं. मी पोटात ठेवलं, मुकादमानं पोटात ठेवलं, खालच्या लोकांनी ठेवलं. साइटवर ज्याला माहीत नव्हतं असा एकटा तोच होता.

शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. मी खालच्या बाकावर बसलो होतो. मुलगी जिन्यातून आली आणि म्हणाली, "झालं. पाय हलवले त्यांनी." मी उठलो तर म्हणाली, "काका, तुम्ही वर येऊ नका. आत नेण्याआधी तेवढंच सांगून गेलेत." मी तिच्या हातात एक पाकीट दिलं. त्यात माझी शिल्लक होती, सगळी नाही पण बरीच. तिसऱ्या दिवशी वहिनी ते माझ्या दारात ठेवून गेल्या. उघडलेलं नव्हतं.

डावा खांदा सुरुवातीला उचललाच नाही. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं तरी घरचे घाबरले. तो घाबरला नाही, असं मुलगी म्हणाली. रोज भिंतीपाशी उभा राहून बोटांनी भिंतीवर चढायचा, जिथवर हात जाईल तिथवर पेन्सिलची खूण करायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वर जायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी वीस वेळा सांगितलं तर तो चाळीस करायचा. त्या म्हणाल्या, वीस म्हणजे वीस. तेव्हा वीस करायला लागला, पण सावकाश, पूर्ण. दहा आठवड्यांनी खांदा वर गेला. चाल सुधारली. पायाखालची गादी गेली. बोटांचं अर्धं आलं, अर्धं राहिलं.

कामाला मी दुसरा जोडीदार घेतला नाही. जोडीशिवाय छत मिळत नाही. मी भिंती करत होतो.

पाच महिन्यांनी मुलगी आली. "बाबांना तुम्ही केलेलं एखादं छत बघायचंय. रंग न लावलेलं. कुठलं आहे ते तुम्हालाच ठाऊक."

एका वाचनालयाची खोली होती. आम्ही आदल्या वर्षी केलेली. आतलं लाकडी काम रखडलं होतं म्हणून रंग राहिला होता. रखवालदार ओळखीचा होता. सकाळी साडेआठला दोघं आली. तो आधीपेक्षा ताठ चालत होता. ताठ म्हणजे मान, खांदे, पाठ एकत्र वळत होती. माझ्याकडे बघायला तो सगळाच वळला, आणि तसाच परत वळला.

खोलीच्या मधोमध गेला. वर बघता येत नव्हतं. त्यानं मुलीचा हात धरला, आधी गुडघ्यावर बसला, मग कुशीवर, मग पाठीवर झोपला. फरशीवर, धुळीत. मुलगी खाली ओढणी अंथरायला लागली तर नको म्हणाला.

"बत्ती आडवी धर," तो म्हणाला.

पाच महिन्यांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी बत्ती भिंतीला लावून धरली. उजेड छतावरून सरपटत गेला आणि अर्धगोल उठून आले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सगळे एकाच अंगाला वळलेले.

"रेघ कुठे होती?"

मी जागा दाखवली. त्यानं बराच वेळ बघितलं. डोळे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होते, पूर्वी बत्ती घेऊन फिरायचा तसे.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. "एक लाट नाही."

"यात माझं काय आहे?"

"पहिला थर. तो बसला नसता तर वरचा राहिला नसता."

"तो दिसत नाही."

"नाही दिसत."

"दोन वर्षं मी घरी जाऊन सांगायचो, आज अमुक छत केलं. बायको-मुलगी ऐकायच्या. खालचे लोक मला बघून हसत असतील तेव्हा." तो छताशीच बोलत होता. "तुझ्या डोळ्यात चुना गेला तेव्हा मी तुझी बाजू केली. तुला सांगून केली. रोज सांगितलं. तू खाली बसून शिव्या घालायचास मला."

"हो."

"तुला वाटलं मला सोसणार नाही."

"हो."

"आणि डॉक्टरला सांगितलंस. मुलीसमोर. मला एकट्याला फळीवर सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी दवाखान्यात गेलो असतो. मान तेव्हा सरकत नव्हती कदाचित."

डॉक्टरबाईंना सांगितलं ते बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. त्याला दोन वर्षं सांगितलं नाही, ते चूक होतं. दोन्ही मीच केलं.

त्याला उठायला वेळ लागला. मी हात पुढे केला. त्यानं मुलीचा घेतला. कपडे झाडले नाहीत, पाठीला सगळी धूळ तशीच. दाराशी मी म्हणालो, "पाकीट तेवढं परत का पाठवलंस? शस्त्रक्रियेत तुझी सगळी शिल्लक संपली. एकतीस वर्षांची. अर्ध्या तरी स्क्रूंचे मी दिले असते."

तो सगळाच्या सगळा माझ्याकडे वळला.

"दोन सळया आहेत," तो म्हणाला, "आणि दहा स्क्रू. बिल मी वाचलंय. ते छत तुझं. ही मान तरी माझ्या मजुरीची राहू दे."

आणि मुलीला म्हणाला, "चल."